आवाजावर चालणारी गाडी बनवताय? आधी बॅटरीचं बघा

आवाजावर चालणारी, समोर काही आलं की आपोआप थांबणारी गाडी. डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला असाल किंवा बीईच्या दुसऱ्या-तिसऱ्या, तुमच्या वर्गात एका तरी ग्रुपनं हा विषय घेतलेला असणारच. विषय जुना झाला म्हणून सर नाक मुरडतात. मी म्हणते, बिनधास्त घ्या. इलेक्ट्रॉनिक्स, प्रोग्रॅमिंग, थोडं मेकॅनिकल आणि मोबाइल ॲप, चारही गोष्टींना हात लागतो आणि खर्च दोन हजारांच्या आसपास राहतो, असे विषय फार नाहीत. फक्त हा सोपा आहे अशा समजुतीत घेऊ नका. सोपा नाही.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या दारव्हा तालुक्यातली. गावातून एसटीनं ये-जा करत हा प्रोजेक्ट केला. व्हिडिओत सांगतात, "लोकल मार्केटमधून घ्या." आपलं लोकल मार्केट म्हणजे नागपूरची बर्डी, नाहीतर कुरिअर. एखादं मॉड्यूल जळलं की नवीन येईपर्यंत हातावर हात धरून बसायचं. म्हणून पहिली गोष्ट सांगते: सेन्सर आणि ब्लूटूथ मॉड्यूल दोन-दोन मागवा. थोडे पैसे जास्त जातील, पण सबमिशनच्या आदल्या आठवड्यात रडायची पाळी येणार नाही.

सामानाची यादी तुम्हाला पाठ असेलच. आर्डुइनो उनो (गाडीचा मेंदू असलेला छोटा बोर्ड), मोटरला करंट पुरवणारा एल-२९८-एन मोटर ड्रायव्हर, पिवळ्या बीओ म्हणजे बॅटरीवरच्या मोटर, एचसी-०५ ब्लूटूथ, एचसी-एसआर-०४ अल्ट्रासॉनिक सेन्सर, तो सेन्सर डावी-उजवीकडे वळवायला एसजी-९० सर्व्हो. उनो क्लोन, म्हणजे स्वस्तातली नक्कल, असेल तर लॅपटॉपमध्ये त्याच्या सीएच-३४० या यूएसबी चिपचं ड्रायव्हर सॉफ्टवेअर टाकावं लागतं, हेही माहीत असेल. आणि यादीच्या अगदी शेवटी एक ओळ असते: ९ व्होल्टची बॅटरी. त्या एका ओळीनं माझं अर्धं सेमिस्टर खाल्लं, म्हणून तिच्याबद्दल मी जरा जास्तच बोलणार आहे.

काय होतं ते बघा. गाडी जोडून झाली. लॅपटॉपला यूएसबीनं लावून कोड टाकला, मोबाइलवर "पुढे" म्हटलं, चाकं फिरली. घरचे खूश, आपण खूश. मग यूएसबीची वायर काढली, आर्डुइनोलाही त्याच बॅटरीवर घेतलं, गाडी फरशीवर ठेवली, परत "पुढे" म्हटलं. गाडीनं एक हिसका दिला आणि थांबली. एचसी-०५ चा दिवा भराभर लुकलुकायला लागला, म्हणजे मोबाइलशी जोडणी तुटली. परत जोडा, परत बोला, परत हिसका.

इथे जवळजवळ प्रत्येक जण कोड उघडून बसतो, आणि तसं वाटणं साहजिक आहे. लॅपटॉपला लावली की चालते, काढली की चालत नाही, म्हणजे कोडातच काहीतरी गडबड असणार असं वाटतं. मग ब्लूटूथची लायब्ररी बदलून बघायची, बॉड रेट, म्हणजे डेटा पाठवायचा वेग, बदलून बघायचा, दुसऱ्या ग्रुपचा कोड आणायचा, तोही चालला नाही की एचसी-०५ खराब निघालं म्हणायचं. यातलं काहीही खराब नसतं.

ती चौकोनी ९ व्होल्टची बॅटरी मोटर ओढायला बनवलेलीच नाही. ती मल्टीमीटरमध्ये घालायची, धुराच्या अलार्ममध्ये घालायची, जिथे अगदी थोडा करंट लागतो तिथे. चांगल्या अल्कलाइनची क्षमता साधारण ५०० मिलीअँपिअर-तास असते, स्वस्तातल्या झिंक-कार्बनची त्याहून कमी. पण खरी अडचण क्षमतेची नाही, आतल्या रोधाची आहे. नव्या अल्कलाइनचा अंतर्गत रोध दीड-दोन ओहम असतो आणि वापरत गेलं की वाढत जातो, साध्या झिंक-कार्बनचा तर कितीतरी जास्त असतो. आता मोटरचं बघा. बीओ मोटर मोकळी फिरताना थोडकाच करंट घेते. पण सुरू होण्याच्या क्षणी, चाक अजून हललेलं नसताना, ती अडवलेल्या मोटरइतकाच करंट ओढते, एकेक मोटर अर्ध्या अँपिअरच्या वर जाते. दोन मोटर मिळून १ अँपिअर धरा. दोन ओहममधून १ अँपिअर गेला की २ व्होल्ट बॅटरीच्या पोटातच संपले. बॅटरी थोडी वापरलेली असेल तर ३ जातील, ४ जातील.

उनोच्या व्हीइन, म्हणजे बाहेरचा पुरवठा घेणाऱ्या, पिनला निदान ७ व्होल्ट लागतात, तेव्हा त्याचा रेग्युलेटर नीट ५ व्होल्ट देतो. बॅटरी ५ वर बसली की ५ व्होल्टची लाइन साडेतीन-चारवर येते. एचसी-०५ च्या बोर्डावर स्वतःचा ३.३ व्होल्टचा रेग्युलेटर आहे, तो कोलमडतो आणि ब्लूटूथ नव्यानं सुरू होतं. अजून खाली, २.७ व्होल्टच्या आसपास गेलं की उनोची चिप स्वतःला रीसेट करते. याला ब्राउन-आउट म्हणतात. रीसेट झाली की सगळे पिन बंद, मोटर थांबल्या, बॅटरीवरचा भार गेला, व्होल्टेज परत वर. आता मीटर लावला की बॅटरी साडेआठ व्होल्ट दाखवते. तुम्ही म्हणता, बॅटरी तर चांगली आहे! सापळा तो हाच. मोजायला जाता तेव्हा आजार नसतो.

आणि लॅपटॉपला जोडल्यावर का चालते? कारण तेव्हा आर्डुइनो, ब्लूटूथ आणि सेन्सर यूएसबीवर जगत असतात आणि बॅटरीवर फक्त मोटर असतात. मोटरनं बॅटरी कितीही खाली ओढली तरी आर्डुइनोला पत्ता लागत नाही.

आपल्या गावाकडे हे वेगळं शिकवायची गरज नाही खरं तर. थ्री-फेजची पाळी आली की शिवारातले पंप एकदम सुरू होतात आणि घरातला बल्ब पिवळा पडतो. डीपी तीच, तार तीच, भार आला की व्होल्टेज बसतं. गाडीतही तेवढंच घडतं.

हे मला कॉलेजात कुणी सांगितलं नाही. तालुक्याला पंपाच्या मोटरी भरणारे एक वाइंडिंगवाले काका आहेत, त्यांनी सांगितलं. आर्डुइनो त्यांनी आयुष्यात पाहिला नव्हता. मी सगळी कहाणी सांगितली, कोड दाखवायला लागले, तर म्हणाले, "थे राहू दे बाई. लोडवर किती दाखवते?" मी मोटर बंद असतानाचा बॅटरीचा आकडा सांगितला. "रिकामी मोजून काय फायदा? चाक धर अन् मंग मोज." चाक अंगठ्यानं धरलं, मीटरचे दोन्ही टोक बॅटरीवर ठेवले, "पुढे" म्हटलं. आकडा धाडकन खाली आला आणि एचसी-०५ चा दिवा डोळ्यांदेखत लुकलुकायला लागला.

म्हणून मेंटरच्या बाबतीत माझं मत जरा ठाम आहे. गाइड कोण मिळाले, कोणत्या शहरातल्या कोर्सला गेलात, याची फार चिंता करू नका. हातात मीटर घेऊन बसणारा एक माणूस शोधा. मोबाइल रिपेअरवाला चालेल, वाइंडिंगवाला चालेल, टीव्ही दुरुस्त करणारा जुना मेकॅनिक तर फारच चांगला. जो गाइड आधी "कोड दाखव" म्हणतो त्याच्यापेक्षा जो "व्होल्टेज किती येतंय" विचारतो तो तुम्हाला लवकर पार करील. तालुक्यातल्या एखाद्या शाळेत अटल टिंकरिंग लॅब असेल तर तिथल्या सरांनाही भेटा. तिथे मीटर, सेन्सर, सोल्डरिंग गन सगळं असतं, आणि तुम्ही विचारायला आलात याचा त्यांना बहुधा आनंदच होतो.

ही चाचणी तुम्ही आजच करा, गाडी चालत असली तरी करा. चाकं हातानं अडवा, मोटर सुरू करा आणि दोन ठिकाणी मोजा: बॅटरीच्या टोकांवर आणि आर्डुइनोच्या ५ व्होल्ट पिनवर. चाक सेकंद-दोन सेकंदापेक्षा जास्त धरू नका, मोटर आणि ड्रायव्हर तापतात. ५ व्होल्टचा पिन साडेचारच्या खाली येत असेल तर कोडाला हात लावू नका. आणि लक्षात घ्या, साधा मल्टीमीटर हळू असतो. तो ४.४ दाखवतो तेव्हा खरी घसरण त्याहून खोल असते, फक्त ती क्षणाची असते म्हणून त्याला दिसत नाही.

उपाय महाग नाही. मोटरसाठी १८६५० चे दोन लिथियम सेल सीरिजमध्ये घ्या. नाममात्र ७.४ व्होल्ट, पूर्ण चार्ज झाल्यावर ८.४. एल-२९८-एन हा जुन्या पद्धतीचा, ट्रान्झिस्टरवाला ड्रायव्हर आहे. तो स्वतःच दोनेक व्होल्ट खातो, म्हणजे मोटरला साडेपाचच्या आसपास मिळतात, आणि ३ ते ६ व्होल्टच्या बीओ मोटरला तेवढे बरोबर आहेत. चार पेन्सिल सेल लावून ६ व्होल्ट देणाऱ्यांच्या गाड्या रांगतात त्या याच कारणानं: ६ मधले २ ड्रायव्हर खातो. टीबी-६६१२ ड्रायव्हर मिळाला तर उत्तम, तो मॉसफेटवाला असल्यानं फार कमी खातो.

आर्डुइनोसाठी वेगळा पुरवठा ठेवा. घरात जुनी पॉवर बँक असतेच, ती यूएसबीनं उनोला लावा. काही पॉवर बँका करंट कमी ओढला जातोय असं बघून आपोआप बंद होतात, तेवढं आधी तपासा. नीटनेटकं काम करायचं असेल तर एलएम-२५९६ चा बक कन्व्हर्टर, म्हणजे व्होल्टेज खाली आणणारा बोर्ड, घ्या, जोडण्याआधी त्याचा स्क्रू फिरवून मीटरवर ५ व्होल्ट पक्के करा, आणि सर्व्हो, ब्लूटूथ, सेन्सर त्याच्यावर चालवा. सर्व्होला उनोच्या ५ व्होल्ट पिनवर कधीच जगवू नका. तोही एक मोटरच आहे. आणि दोन पुरवठे असले की दोघांचे मायनस एकत्र जोडायचेच. प्लस वेगळे, मायनस एक. मायनस जोडला नाही तर आर्डुइनोच्या सिग्नलला परतीचा रस्ता नसतो आणि मोटर मनाला येईल तशा वागतात. मग पुन्हा तुम्ही कोड उघडणार.

आणखी दोन लहान गोष्टी. प्रत्येक मोटरच्या दोन टोकांमध्ये १०४ लिहिलेला सिरॅमिक कपॅसिटर सोल्डर करा आणि ५ व्होल्टच्या लाइनवर ४७० किंवा १००० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक लावा, प्लस-मायनस बघून. आणि पुढे जाणाऱ्या गाडीला एका झटक्यात मागे वळवू नका. फिरत्या मोटरची उलटी वीज वर येऊन बसते आणि सगळ्यात मोठा झटका तेव्हाच लागतो. मध्ये दोनशे मिलीसेकंद थांबा, मग उलटी फिरवा.

१८६५० बद्दल मात्र कडक सांगते. हे सेल खेळणं नाहीत. शॉर्ट झाले तर आग लागते. होल्डर वापरा, सेलवर थेट सोल्डर मारू नका, दोन सेलचा संरक्षण सर्किट लावा, चार्जर लिथियमचाच वापरा. ३ व्होल्टच्या खाली एकेक सेल उतरू देऊ नका. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत किंवा उन्हातल्या गाडीच्या डिक्कीत ठेवू नका. आणि ज्यावर ९९०० मिलीअँपिअर-तास छापलंय तो सेल विकत घेऊ नका. या आकाराचा खरा चांगला सेल ३५०० च्या आसपास संपतो, बाकी सगळी छपाई.

एवढं झालं की घाबरायचं काही उरत नाही, खरंच. पुढची कामं वेळखाऊ आहेत पण प्रामाणिक आहेत. चूक झाली तर चूक दिसते.

सेन्सरचं बघू. एचसी-एसआर-०४ हा ४० किलोहर्ट्झचा आवाज सोडतो, प्रतिध्वनी यायला किती मायक्रोसेकंद लागले ते आपण मोजतो, ५८ नं भागलं की सेंटिमीटर. हे तोंडी परीक्षेत विचारतात, ५८ कुठून आला ते नीट समजून घ्या: २० अंशाला ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर, आणि आवाज जाऊन परत येतो म्हणून अंतर दुप्पट. एका परीक्षकांनी मला विचारलं की आपल्याकडे उन्हाळ्यात ४५ अंश असतं, मग तुझा सेन्सर चुकत नाही का? चुकतो. ४५ ला ध्वनी सेकंदाला ३५९ मीटरच्या आसपास जातो, म्हणून २० सेंटिमीटरवरची भिंत १९.२ दाखवते. फरक आठ मिलिमीटरचा, आणि तोही गाडीला भिंत जवळ दाखवणारा, म्हणजे सुरक्षित बाजूचा. याची काळजी सोडून द्या.

काळजी करायची ती वेगळ्या गोष्टींची. भाव येईल म्हणून घरात साठवलेला कापूस असतो ना, त्या गंजीत गाडी सरळ घुसते. कापूस, गोधडी, गादी हे आवाज गिळतात, प्रतिध्वनी परत येतच नाही. पऱ्हाटीच्या आणि तुराटीच्या काड्या बारीक असतात, त्याही सुटतात. भिंतीला तिरपी गाडी गेली की आवाज दुसरीकडे परावर्तित होतो आणि समोर मोकळं रान आहे असं सेन्सर सांगतो. उंबरठा सेन्सरच्या नजरेखाली राहतो. आणि ओट्यावर चाचणी घेऊ नका. सेन्सर पुढे बघतो, खाली बघत नाही, गाडी सरळ अंगणात पडते. खाली बघणारा आयआर सेन्सर लावला तरी दुपारच्या उन्हात तो भरवशाचा नाही, उन्हातच इन्फ्रारेड भरलेलं असतं. तिरप्या भिंतीसाठी सर्व्होचा उपयोग होतो: डावीकडे, समोर, उजवीकडे असं तिन्हीकडे बघा आणि सगळ्यात लहान आकडा खरा माना.

कोडातली एक जागा नक्की तपासा. प्रतिध्वनी मोजणारं पल्सइन हे फंक्शन डिफॉल्टनं १ सेकंदापर्यंत वाट बघतं. वायर सैल झाली की तेवढा वेळ गाडी आंधळी चालत राहते. त्याला तिसरा आकडा द्या, २०००० मायक्रोसेकंद, म्हणजे साधारण साडेतीन मीटरपर्यंतच वाट बघेल. पण वेळ संपली की ते ० परत देतं, आणि तुमच्या कोडात "२५ पेक्षा कमी असेल तर थांब" असं लिहिलेलं असतं. शून्य २५ पेक्षा कमीच. मोकळ्या मैदानात गाडी अडखळत चालते ती यामुळे. एखादा शून्य आला तर सोडा, लागोपाठ अनेक आले तर गाडी थांबवा, कारण मग वायरच निघालेली असेल. दोन मोजमापांत ६० मिलीसेकंद ठेवा, आणि डिले (सगळं थांबवून वाट बघणं) न वापरता मिलिस (घड्याळ बघत काम चालू ठेवणं) वापरायला शिका. डिलेवर बांधलेली अडथळा टाळणारी गाडी ही धोकादायक गाडी असते, मग तिला कितीही मार्क मिळोत.

सर्व्हो लायब्ररी वापरली की उनोच्या ९ आणि १० पिनवरचं पीडब्ल्यूएम, म्हणजे वेग कमी-जास्त करणारा सिग्नल, बंद पडतं. मोटरचा वेग ठरवणारे एनेबल पिन तिथे लावले असतील तर ५ आणि ६ वर न्या. बस, एवढंच.

आता आवाज. सगळे इथून सुरुवात करतात आणि मी हे शेवटी घेतेय, ते मुद्दाम. आधी पुरवठा, मग मोबाइलवरच्या साध्या बटणांनी गाडी चालवणं, मग सेन्सर, आणि सगळं पक्कं झाल्यावर आवाज. आवाज आधी घेतला तर गाडी चुकली कुठे हे कळायला मार्गच राहत नाही.

रिपोर्टमध्ये "आर्डुइनो आवाज ओळखतो" असं लिहू नका. खोटं आहे. उनोकडे २ किलोबाइट रॅम आहे. ८ किलोहर्ट्झनं, ८ बिटमध्ये एक सेकंदाचा आवाज साठवायचा म्हटलं तरी ८००० बाइट लागतात, त्याच्या चौपट. आवाज ओळखतो तो मोबाइल. गूगलनं २०१७ मध्ये मराठी बोली-टंकनाची सोय दिली, तेव्हापासून हे आपल्या भाषेत करता येतं, आणि इंग्रजीत "फॉरवर्ड, लेफ्ट" म्हणायची काहीच गरज नाही. एमआयटी ॲप इन्व्हेंटरमध्ये ठोकळे जोडून ॲप करा, तयार एपीके (ॲपची फाइल) उतरवू नका. जुनी एपीके नव्या फोनवर बऱ्याचदा ब्लूटूथला जोडत नाहीत. अँड्रॉइड १२ पासून जवळच्या उपकरणांची परवानगी वेगळी मागावी लागते.

मराठी शब्द जसाच्या तसा गाडीला पाठवू नका. देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइटचं असतं. "थांब" हे १२ बाइट होतात, "उजवीकडे" २१. आर्डुइनोवर ते जुळवत बसण्यापेक्षा ओळखायचं काम ॲपमध्येच उरका आणि गाडीला एकच अक्षर पाठवा: पुढेसाठी एक, मागेसाठी एक, थांबण्यासाठी एक. फोननं काय ऐकलं ते पडद्यावर छापून बघा. माझ्या आजीनं "मांगं" म्हटलं की फोन कधी "मागे" लिहायचा, कधी "मागं", कधी "मागू". हे सगळे प्रकार ॲपमध्ये मागेच्या खात्यात टाकले आणि काम झालं. घरातल्या सगळ्यांना बोलायला लावा, फक्त स्वतःच्या आवाजावर समाधान मानू नका.

एचसी-०५ आयफोनला जोडलं जात नाही, खटपट करू नका. त्याच्या आरएक्स, म्हणजे डेटा घेणाऱ्या, पिनला ३.३ व्होल्ट हवेत, १ किलोओहम आणि २ किलोओहमच्या रोधांचा विभाजक लावा. ते ० आणि १ पिनवर असेल तर कोड टाकताना काढून ठेवा. उनोऐवजी ईएसपी-३२ हा बोर्ड वापरणार असाल तर साधा ईएसपी-३२ घ्या. त्याच्या सी-३ आणि एस-३ प्रकारांत एचसी-०५ सारखं जुनं, क्लासिक ब्लूटूथ नाही.

सगळ्यात महत्त्वाची गोष्ट उशिराची आहे. तुम्ही "थांब" म्हणता, आवाज नेटवरून जातो, ओळखला जातो, परत येतो. चांगल्या नेटवर सेकंद-दीड सेकंद, आपल्याकडे त्याहून जास्त. ६५ मिलिमीटरचं चाक मिनिटाला २०० फेरे फिरलं तर सेकंदाला ६८ सेंटिमीटर गाडी जाते. भार धरून अर्धा मीटर म्हणा. म्हणजे तुमचा "थांब" पोचेपर्यंत गाडी पाऊण मीटर पुढे गेलेली असते. म्हणून थांबवायचा अधिकार आवाजाकडे ठेवूच नका, सेन्सरकडे ठेवा. माणूस "पुढे" म्हणत असला तरी समोर २५ सेंटिमीटरवर काही आहे तर गाडी पुढे जाणार नाही, मागे किंवा बाजूला जाईल. कोडात ही तपासणी प्रत्येक फेरीत सगळ्यात आधी यायला हवी. आणि बराच वेळ कुठलाच आदेश आला नाही तर गाडीनं स्वतःहून थांबावं. नेट गेलं, फोन बंद पडला, तरी गाडी धावत सुटायला नको.

गावात नेटच नसेल तर फोनमध्ये ऑफलाइन भाषा मिळते का बघा, नाहीतर एलेकहाऊसचं व्हॉइस रेकग्निशन मॉड्यूल व्ही-३ येतं. त्यात ८० आदेश साठवता येतात, एका वेळी ७ चालू राहतात, आणि आपल्याला पाचच लागतात. ते ज्याच्या आवाजावर शिकवलं त्याचंच ऐकतं, आणि गाडीवर बसवलं तर मोटरच्या आवाजानं गोंधळतं. माइक वायर ओढून लांब ठेवा.

शहरात तयार प्रोजेक्ट विकणारी दुकानं आहेत. गाडी, रिपोर्ट, पीपीटी, सगळं एका पिशवीत. घेणाऱ्यांची अडचण मला समजते, शेतातली कामं, घरचं, एसटीच्या वेळा, यातून हाताला वेळ राहत नाही. तरी घेऊ नका. त्या पिशवीतही बहुतेक वेळा तीच ९ व्होल्टची बॅटरी असते, आणि तोंडीच्या दिवशी ती बसली की तुमच्याकडे सांगायला काहीच नसतं. त्यापेक्षा अर्धवट गाडी न्या, पण ती का थांबते हे आकड्यांत सांगा. मला पहिल्या नोकरीच्या मुलाखतीत आवाजाबद्दल एकही प्रश्न आला नाही. ब्राउन-आउटबद्दल विचारलं, आणि मीटरचे आकडे सांगितल्यावर समोरचे दोघं पुढे सरकून बसले.

प्रदर्शनाच्या दिवसासाठी थोडं. हॉलमध्ये गोंगाट असतो, फोन तोंडाजवळ धरा. सगळ्या ग्रुपची एचसी-०५ एकाच नावाची दिसतात, आपल्या मॉड्यूलचं नाव एटी कमांडनं, म्हणजे सेटिंग बदलायच्या आदेशानं, आधीच बदला. एटी मोडला बॉड रेट बहुधा ३८४०० असतो. दोन चाकं आणि एक कॅस्टर, म्हणजे मोकळं फिरणारं छोटं चाक, अशी गाडी गुळगुळीत फरशीवर चालवा. सारवलेल्या जमिनीवर कॅस्टर रुततो, मोटर अडते आणि करंट वाढतो. चार चाकांची गाडी वळताना आणखी ओढते. सेल आदल्या दिवशी दुपारीच चार्ज करा, रात्री लाईन असेलच याचा भरवसा धरू नका.

आणि तरीही गाडी हिसका देऊन थांबलीच, तर मला जरूर विचारा. फक्त येताना तीन आकडे घेऊन या: मोटर बंद असताना बॅटरी किती, चाक धरल्यावर किती, आणि चाक धरलेलं असताना ५ व्होल्टच्या पिनवर किती.